डी९० कॅमेरा विकू नकोस, आधी फसलेले फोटो उघडून बघ

साताऱ्याहून एकाने लिहिलंय. नाव देऊ नका म्हणालाय, म्हणून देत नाही. पत्र थोडं छोटं करून देतोय:

"दादा, माझ्याकडे निकॉन डी९० आहे, मी इंजिनिअरिंगला असताना बाबांनी घेऊन दिलेला. सोबतची १८-१०५ लेन्स आहे आणि एक जुनी ५० एमएम १.८ डी, ती फारशी वापरत नाही. वारी आली की तरडगाव-फलटणकडे जातो, पावसाळा संपत आला की कास, बाकी मग घरचे कार्यक्रम. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतलाय. मागच्या वेळी एकजण सगळ्यांसमोर म्हणाला की हा आता म्युझियमला देऊन टाक. दुकानदार म्हणतो जुना एक्स्चेंजमध्ये द्या, चार-पाच हजार धरतो, बाकीचे दोन वर्षांचे हप्ते करू. त्यात दोन महिन्यांनी आमच्याकडे बाळ येणारे आणि बायको म्हणतेय बाळाचे फोटो तरी नीट यायला हवेत. बाबा काहीच बोलत नाहीत. हप्ते भरू शकतो पण ओढाताण होईल. घेऊ का नवीन?"

मित्रा, आधी अभिनंदन, बाळाचं आणि तुमच्या दोघांचं पण. आता उत्तर. नको घेऊस, निदान आत्ता नको. आणि हे मी जुन्यावरच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये, तू पत्रात जे फोटो काढतोस म्हणून लिहिलंयस ते एकेक घेऊन बघितलं तर त्यातलं एकही काम या कॅमेऱ्याला न झेपणारं नाही म्हणून म्हणतोय.

तुझ्या अख्ख्या पत्रात मला एक गोष्ट सापडलीच नाही, ती म्हणजे तुझा कुठला फोटो कॅमेऱ्यामुळे फसला. मित्र काय म्हणाला ते आहे, दुकानदार काय म्हणाला ते आहे, बायको काय म्हणाली ते आहे, पण "मला अमुक फोटो हवा होता आणि डी९०ने तो दिला नाही" असं एक वाक्य नाही. म्हणून पहिलं काम हे कर की या रविवारी लॅपटॉप उघड, मागच्या वर्षभरातले तुला स्वतःला न आवडलेले फोटो वेगळे काढ, डिलीट केलेले नाही म्हणत मी, जे ठेवलेस पण कोणाला दाखवले नाहीस ते, आणि प्रत्येकासमोर कारण लिही. हललाय, फोकस भलतीकडे गेलाय, आकाश पांढरंफटक झालंय, उजेड कमी होता, उभा कुठे राहिलो तेच चुकलं, दुपारी बाराच्या उन्हात काढला, असं जे असेल ते. मग बघ की यातली किती कारणं नवीन बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, आणल्याने गेली असती. माझा अंदाज आहे की फार थोडी, पण माझ्या अंदाजावर जाऊ नकोस, तुझ्या फोटोंवर जा.

आता या कॅमेऱ्याबद्दल बोलू, कारण म्युझियमवाली गोष्ट मला खटकलीये. डी९० आला २००८ साली, व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) हाच. १२.३ मेगापिक्सेल, म्हणजे फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा. ऐकायला कमी वाटतं ना? पण घरातला फोरके टीव्ही ३८४० बाय २१६० चा असतो, म्हणजे तुझा फोटो त्या टीव्हीच्या पडद्यापेक्षा मोठा आहे आणि मोबाईलच्या स्क्रीनपेक्षा तर कितीतरी मोठा. १२ बाय ८ इंचाची प्रिंट काढलीस तर इंचाला साडेतीनशेपेक्षा जास्त पिक्सेल पडतात, लॅबवाले ३०० मागतात. १२ बाय १८ काढलीस तरी २३८ पडतात आणि भिंतीवर लावलेला तेवढा फोटो कोणी नाक लावून बघत नाही. आणि २४ मेगापिक्सेल म्हणजे दुप्पट मोठा फोटो असंही नसतं बरं का, लांबीला ६००० पिक्सेल, म्हणजे जेमतेम १.४ पट. त्या ग्रुपमधल्या मित्राला विचार की त्याने शेवटची प्रिंट कधी काढली. भांडायला नाही, खरंच विचार, आणि मग दोघं मिळून एकेक प्रिंट काढा, एकाच आकाराची, आणि शेजारी ठेवून बघा. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोत कुठला कोणाचा हे सांगताना दोघांचीही तारांबळ उडेल.

बाळाच्या फोटोंचं आधी सांगतो कारण वेळ तोच कमी आहे.

घरात बाळाचे फोटो खराब येतात ते कमी उजेडामुळे, कॅमेरा जुना असल्यामुळे नाही. तुझी १८-१०५ ही ३.५ ते ५.६ ची लेन्स आहे, हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त आत येतो, ३५ एमएमला ठेवलीस की साधारण चारच्या आसपास उघडते, संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये तेवढ्यावर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० ला न्यावा लागतो आणि तिथे डी९० दाणे दाखवतो, हे खरंय, नाकारत नाही. तर निकॉनची ३५ एमएम १.८ जी, डीएक्सवाली (तुझ्यासारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची), सेकंडहँड शोध. नवीन बॉडीपुढे तिची किंमत काहीच नाही आणि ती तेवढ्याच जागेत चार-पाच पट उजेड आत घेते, म्हणजे जिथे ३२०० लागत होता तिथे ८०० वर काम होतं, आणि ८०० ला तुझा कॅमेरा छान फोटो देतो, स्किन टोन तर मला आजही या सेन्सरचे आवडतात. तुझी ५० एमएम पण तेवढीच उघडते, पण डीएक्स बॉडीवर ती ७५ सारखी वागते, खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी आई आणि बाळ एका फ्रेममध्ये बसत नाहीत. बाळाचा नुसता चेहरा, मूठ, पाय यांना मात्र ५०च लाव. फक्त १.८ वर पूर्ण उघडी ठेवून काढू नकोस, एक डोळा शार्प आणि दुसरा धूसर येतो, २.५ किंवा २.८ वर ये.

अजून एक, हे फार कमी लोक सांगतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/२५० वगैरे ठेवलंस, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो काढलास, तर एक फोटो पिवळट, एक अंधारलेला, कधी अर्ध्या फोटोवर पट्टा, आणि माणूस म्हणतो कॅमेरा गेला. १/१०० वर ठेव, मग प्रत्येक फोटोत उजेडाचा पूर्ण एक फेरा येतो आणि रंग सारखे राहतात. झोपलेल्या बाळाला १/१०० पुरतं. जागं असेल आणि हातपाय हलवत असेल तर सकाळी खिडकीशी घे, पातळ पडदा ओढून, तिथे शटर हवं तेवढं वाढव. तान्ह्या बाळाच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नकोस, लागलाच तर वेगळा फ्लॅश छताकडे वळवून, आणि छत पांढरं असेल तरच.

एवढं केलंस तर बायकोचं म्हणणं पूर्ण होतं, आणि तिचं म्हणणं रास्त आहे, ती नवा कॅमेरा मागत नाहीये, चांगले फोटो मागतेय.

वारीचं बघ. तू तरडगावला जातोस म्हणजे चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण काढत असणार. इथे तुझे मित्र म्हणतील मिररलेसचा फोकस घोड्याला धरून ठेवतो, आणि ते खरं आहे, नवे कॅमेरे हे काम फार सोपं करतात. डी९० मध्ये ११ फोकस पॉइंट आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा, सेकंदाला साडेचार फोटो. पण उभ्या रिंगणात अश्व कुठून येणार हे आधीच माहीत असतं, दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा आणि मधली मोकळी वाट, तो त्या वाटेवरूनच येणार. मग मधल्या पॉइंटने त्या वाटेवरच्या एका जागेवर आधीच फोकस घे, समोरच्या रांगेतल्या एखाद्या वारकऱ्याच्या पायाशी वगैरे, लेन्सवरचं बटण एमवर टाक म्हणजे फोकस हलणार नाही, आषाढातलं ढगाळ असतं म्हणून आयएसओ ८००, शटर १/१०००, आणि आधी स्वाराचा अश्व येईल त्यावर एकदा हात बसवून घे, मागून माउलींचा अश्व आला की त्या जागेच्या जरा अलीकडे असतानाच बटण दाबायला लाग. ऑटोफोकस नव्हता तेव्हा लोक असेच काढायचे आणि काय सुंदर फोटो काढून ठेवलेत. पावसाचं मात्र सांभाळ, या बॉडीला पावसापासून तसं काही संरक्षण नाही, जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर बँड, आणि मागे डोळा लावायला भोक, एवढं पुरतं.

कासबद्दल मला तुझ्या त्या पडून असलेल्या ५० एमएमसाठी फार बोलायचंय! ती डी लेन्स आहे म्हणजे तिला अपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करायची रिंग आहे, नव्या लेन्सना ती नसते. ५२ एमएमची रिव्हर्स रिंग मिळते, अगदी साधी धातूची चकती, ती लेन्सच्या पुढच्या आट्यांवर फिरवायची आणि लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला लावायची. झाली मॅक्रो लेन्स. सीतेची आसवं म्हणतात ना ते इवलंसं जांभळं फूल, ते या लेन्समधून जवळपास आहे त्याच आकाराचं सेन्सरवर उतरतं, पाकळीवरच्या शिरा दिसतात. कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळं हाताने, ठेवावा लागतो, उजेड मोजणारा मीटर चालत नाही, तेव्हा एक फोटो काढ, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघ, शटर कमी-जास्त कर. रिंग १.८ वर ठेवून फोकस बघ म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड असेल, मग रिंग ८ किंवा ११ वर फिरव, समोरचं एकदम अंधारतं, घाबरू नकोस, तसंच असतं. लेन्सची रिंग फिरवून फोकस होत नाही, स्वतःच कणभर पुढे-मागे व्हायचं. फुलापासून चार-पाच सेंटिमीटरवर जावं लागतं, म्हणून वाटेच्या कडेला असलेलीच फुलं घे, आत एक पाऊलसुद्धा टाकू नकोस, तिथली माती वीतभर पण खोल नाही आणि तुडवलेलं परत यायला वर्षं जातात. वाऱ्याच्या दिवशी हे जमत नाही, सकाळी लवकर जा. आणि एक, जांभळ्या-निळ्या फुलांत नुसता एकत्र हिस्टोग्राम बघून फसायला होतं, निळा चॅनल आधीच भरून गेलेला असतो आणि पाकळी सपाट दिसते. प्लेबॅक मेनूत डिस्प्ले मोडमध्ये आरजीबी हिस्टोग्राम चालू कर, निळा उजवीकडे आदळत असेल तर एक्स्पोजर उतरव. एरवीही कडक उन्हात डी९० चा मॅट्रिक्स मीटर जरा सढळ आहे, फोटो जास्त उजळ काढतो, मी एक्स्पोजर -०.३ किंवा -०.७ वर ठेवतो, तुझ्या फोटोंत आकाश पांढरं येत असेल तर कारण बहुतेक हेच निघेल.

आता दुकानदाराने जे सांगितलं नसेल ते. तुझी ही ५० एमएम स्वतःच्या मोटरवर चालत नाही, बॉडीतल्या मोटरवर चालते, ती मोटर डी९० मध्ये आहे. निकॉनचा झेड मिररलेस घेतलास आणि एफटीझेड अॅडॉप्टर (जुन्या लेन्स झेडला जोडायचा तुकडा) लावलास तरी या लेन्सचा ऑटोफोकस चालणार नाही, हाताने फिरवावं लागेल. दुसऱ्या कंपनीचा घेतलास तर दोन्ही लेन्स जवळपास गेल्याच. म्हणजे ते हप्ते बॉडीचे नसतात रे, बॉडी, लेन्स, बॅटरी, कार्ड सगळ्याचे असतात, आणि पहिल्या हप्त्याला हे लक्षात येत नाही. ३५ एमएम मात्र एएफ-एस आहे, म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे, उद्या कधी झेडकडे गेलास तर ती अॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालेल, त्या पैशाचं नुकसान नाही. आणि चार-पाच हजारांसाठी बाबांनी घेऊन दिलेली वस्तू काउंटरवर सोडून यायची, त्यांनी काही बोलायचं नाही, आणि तूही विचारायचं नाही, हे मला बरोबर वाटत नाही. विकायचाच झाला कधी, तर आधी त्यांच्याशी बोल.

थोडा खर्च जुन्यावरही आहे, तो सांगून टाकतो. सेटअप मेनूत बॅटरी इन्फो आहे, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ दाखवतं, ४ असेल तर ती बदल, ईएन-ईएल३ई नावाने माग. कार्ड घेताना ६४ जीबी घेऊ नकोस, हा कॅमेरा एसडीएक्ससी वाचत नाही, ३२ जीबीच्या एसडीएचसीपर्यंतच. शटर एक लाख फोटोंपर्यंत टेस्ट केलेलं आहे, त्याचा अर्थ एक लाख एकला बंद पडतं असा नाही, पण तुझं किती झालंय ते फोटोच्या एक्झिफमधून (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीतून) बघून ठेव. साताऱ्याचा पावसाळा म्हणजे लेन्सला बुरशी, कॅमेरा कपाटात बॅगेसकट कोंडून ठेवू नकोस, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापर. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आटवलेल्या मूळ फाइलमध्ये, काढत नसशील तर आजपासून काढ. या फाइल उघडायचं निकॉनचं सॉफ्टवेअर एनएक्स स्टुडिओ फुकट आहे, डार्कटेबल पण फुकट, आणि २००८ ची फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की त्यातला नॉइज ज्या पद्धतीने साफ होतो ते तेव्हा कुणाला मिळत नव्हतं.

नवीन कधी घ्यायचा हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोललो असं होईल. पैसे घेऊन लग्नं काढायला लागलास तर डी९० वर अवलंबून राहू नकोस, याला एकच कार्ड स्लॉट आहे, कोणाचं लग्न एका कार्डाच्या भरवशावर ठेवायचं नसतं. उडणारे पक्षी हे वेड लागलं तर फोकस खरंच अपुरा पडेल. बाळाचे व्हिडिओ हवे असतील तर ते मोबाईलवर काढ, डी९० चा व्हिडिओ ७२० चा, एका वेळी पाच मिनिटं, आवाज मोनो आणि चालू असताना ऑटोफोकस नाही, त्याच्या नादी लागू नकोस. आणि यातलं काही झालं, किंवा शटर गेलं आणि दुरुस्ती परवडेना, तरी लगेच मिररलेस नाही, सेकंडहँड डी७२०० बघ. २०१५ चा आहे, २४ मेगापिक्सेल, दोन स्लॉट, ५१ फोकस पॉइंट, आणि बॉडीत मोटर आहे, तुझ्या सगळ्या लेन्स जशाच्या तशा चालतील. रोख घेता येईल, हप्ता नाही.

ग्रुपमध्ये जात राहा. त्या एका वाक्यामुळे सोडू नकोस, बरोबर चालायला माणसं असणं चांगलं असतं. पण पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर चर्चा निघाली की फोटो दाखव, तुझे आणि त्यांचेही मागून घे, बोलणं आपोआप फोटोवर येतं.

आणि दोन महिन्यांत हे नक्की कर. कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय पडून राहिला असेल तर आतलं घड्याळ शून्यावर गेलेलं असतं, वरच्या छोट्या स्क्रीनवर क्लॉक अशी अक्षरं लुकलुकत असतील तर तेच. भरलेली बॅटरी घालून दोन दिवस आत राहू दे आणि तारीख-वेळ नीट लाव, नाहीतर बाळाच्या पहिल्या दिवसाच्या फोटोंवर भलतीच तारीख पडेल आणि हजारो फोटोंत नंतर ते लावत बसणं फार जिकिरीचं होतं. फोटो लगेच दोन ठिकाणी ठेव, एक लॅपटॉप, एक बाहेरची हार्ड डिस्क. आणि महिन्याला दहा-बारा प्रिंट काढत जा, त्यातला एक सेट बाबांना दे.